सात कोटी नव्वद लाख मासे आणि शेजारची रिकामी नदी

२०२२ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या ब्रिस्टल बे या उपसागरात सात कोटी नव्वद लाख सॉकाय सॅल्मन परतले. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका मोठा लोंढा तिथे कधी आला नव्हता. त्यांतले सहा कोटींहून थोडे अधिक मासे जाळ्यांत आले. पकडीचा आधीचा विक्रम १९९५ चा, सुमारे ४ कोटी ४० लाखांचा. म्हणजे तो नुसता मोडला नाही, खूप मागे पडला.

त्याच उन्हाळ्यात, तिथून काही शे किलोमीटर उत्तरेला, युकॉन नदीकाठच्या गावांत मासे वाळवायच्या लाकडी मांडण्या मोकळ्या उभ्या होत्या. युकॉनच्या चिनूक आणि चम या दोन्ही सॅल्मनची मासेमारी बंद होती. विक्रीची तर होतीच, पण घरी खाण्यापुरतीही मनाई होती. नदीकाठचे युपिक आणि अथाबास्कन लोक हिवाळाभर ज्या माशावर जगतात त्या माशाला हात लावायलाही त्यांना मनाई. आदल्या वर्षी, २०२१ मध्येही हीच गत झाली होती, आणि तेव्हा ब्रिस्टल बेचे मासे विमानात भरून युकॉनच्या गावांना धाडावे लागले होते. नदीकाठच्या माणसाला दुसऱ्या नदीचा मासा खोक्यातून यावा, हे त्या लोकांना किती लागले असेल याचा अंदाज कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला येईल.

दोन्हीकडचे मासे अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रात वाढतात. राज्य एक, कायदा एक, मासेमारी खाते एक. मग एकीकडे अशी सुगी आणि दुसरीकडे असा दुष्काळ का? जगातल्या जंगली सॅल्मनच्या पकडीचे देशवार आकडे चाळताना मी पुन्हा पुन्हा याच जोडीपाशी येऊन थांबलो. अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडा यांचे आलेख वेगवेगळ्या दिशांना का गेले, याची बरीचशी कारणे या एका प्रकरणात एकत्र सापडतात. म्हणून हे प्रकरण.

आधी माशाची ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे नावाचा घोळ आहे. मुंबईत ज्याला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात तो आपला रावस. चवीला उत्तमच, पण सॅल्मनच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. मोठ्या दुकानांत केशरी रंगाचा जो सॅल्मन मिळतो तो बहुतेक वेळा अटलांटिक जातीचा असतो, आणि नॉर्वे किंवा चिलीच्या किनाऱ्यावर पिंजऱ्यात वाढवलेला असतो. जंगली अटलांटिक सॅल्मनची व्यापारी मासेमारी आता जवळपास संपलेली आहे. २०२३ च्या डिसेंबरात ही जात संकटाच्या उंबरठ्यावरच्या यादीत गेली, आणि पुढच्या जूनमध्ये खुद्द नॉर्वेला आपल्या ३३ नद्यांवरची सॅल्मनची मासेमारी मध्येच थांबवावी लागली. तेव्हा ‘जंगली सॅल्मनचे उत्पादन’ म्हणजे व्यवहारात उत्तर प्रशांत महासागराची गोष्ट. तिथे मुख्य जाती पाच: पिंक, चम, सॉकाय, कोहो आणि चिनूक.

या पाचही जातींचा जीवनक्रम सारखाच. मासा नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो, आणि अंडी घालायला नेमका आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतो. अंडी घातली की मरतो. पिंकचे आयुष्य फक्त दोन वर्षांचे. सॉकायला मात्र लहानपणी तळे लागते. एक-दोन वर्षे तळ्यात, मग दोन-तीन वर्षे समुद्रात. ही तळ्याची अट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे.

ब्रिस्टल बेला तळी भरपूर आहेत. क्विचाक नदीच्या उगमाशी असलेले इलियाम्ना हे अलास्कातले सर्वांत मोठे तळे. त्याखेरीज नाकनेक, एगेगिक, उगाशिक, नुशागाक, वुड, टोगियाक अशा नद्या आणि त्यांची आपापली तळी. धरण एकाही नदीवर नाही. मोठे शहर नाही, शेती नाही, लाकूडतोडीचा उद्योग नाही. आणि मत्स्यबीज सोडणारी एकही हॅचरी नाही. विक्रमी वर्षातला एक-एक मासा नदीच्या वाळूत आपणहून जन्मलेला होता.

पण नद्या धड होत्या म्हणून मासे नेहमीच आले असे नाही. १९७३ साली याच उपसागरातली सॉकायची पकड दहा लाखांच्या खाली उतरली होती. त्या आणि त्यानंतरच्या वर्षी अख्ख्या अलास्काची सॅल्मनची पकड जेमतेम सव्वादोन कोटी मासे इतकी होती. लागोपाठचे कडक हिवाळे हे एक कारण. दुसरे कारण माणसांचे होते, आणि ते बरेच जुने.

अलास्का १९५९ मध्ये राज्य झाले. त्याआधी मासेमारीचा कारभार दूर वॉशिंग्टनमधून चाले, आणि किनाऱ्यावर सिअॅटल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डबाबंद मासळीच्या कंपन्यांचे राज्य होते. नदीच्या तोंडाशी रोवलेले त्यांचे प्रचंड मासेसापळे लोंढेच्या लोंढे गिळत. १९५३ मध्ये परिस्थिती इतकी खालावली की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तिथल्या मासेमार वस्त्यांना आपद्ग्रस्त जाहीर केले. राज्य झाल्यावर पहिला घाव या सापळ्यांवर पडला. राज्यघटनेतच लिहिले गेले की मासे, वने, वन्यजीव यांचा वापर पिढ्यानपिढ्या टिकेल अशाच बेताने व्हावा. एखाद्या राज्याने आपल्या घटनेत माशांची अशी काळजी वाहावी, हे मला फार मोलाचे वाटते.

तरीही एक भोक उरले होते. १९५२ च्या करारानुसार जपानी जहाजांनी १७५ अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला सॅल्मन धरायचा नाही असे ठरले होते. पण माशांना रेखांश कळत नाही. ब्रिस्टल बेचे सॉकाय चरत चरत त्या रेषेच्या पलीकडे जात, आणि जपानच्या मोठ्या जहाजांसोबत आलेल्या होड्यांच्या जाळ्यांत सापडत. तिकडे समुद्रात धरलेला मासा अजून पुरता वाढलेला नसे, आणि तो कोणत्या नदीचा हे धरणाऱ्याला ठाऊक नसे. भरलेल्या नदीचा आणि आटलेल्या नदीचा मासा एकाच जाळ्यात. १९७७ नंतर दोनशे मैलांच्या हद्दी आल्या आणि हे कमी होत गेले. १९९२ चा मॉस्कोतला करार आणि त्याखाली १९९३ पासून काम करणारा उत्तर प्रशांत सॅल्मन आयोग यांनी खुल्या समुद्रातली सॅल्मनची मासेमारी बंदच केली. अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडा हे त्याचे पहिले सदस्य, दक्षिण कोरिया २००३ पासून. आज या पाच देशांची सॅल्मनची पकड होते ती आपापल्या किनाऱ्यालगत, मासा घरी परतत असताना.

आता ब्रिस्टल बेचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. मला तो साधेपणामुळे आवडतो.

नदीकाठी उंच मचाण असते. पाणी इतके नितळ की वरून मासे दिसतात. मचाणावरचा माणूस दर तासाला दहा मिनिटे एका काठचे मासे मोजतो, मग पलीकडे जाऊन तेवढाच वेळ दुसऱ्या काठचे. दिवस असो, रात्र असो. या दहा-दहा मिनिटांवरून दिवसाचा हिशेब मांडतात. नुशागाकसारख्या गढूळ नदीत सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे टिपणारे यंत्र, वापरतात. मचाणांची ही पद्धत १९५० च्या दशकापासून चालू आहे. खाली समुद्रात, पोर्ट मोलरपाशी, एक चाचणीची होडी जाळे टाकून बघते. तिथे लागलेला मासा आठवडाभरात उपसागरात पोहोचतो.

प्रत्येक नदीत अंडी घालायला किती मासे वर गेले पाहिजेत याचा आकडा आधीच ठरलेला असतो. क्विचाकसाठी तो २० लाख ते १ कोटी असा आहे. मासे त्या गतीने वर जात असतील तर जीवशास्त्रज्ञ मासेमारी उघडतो. जात नसतील तर बंद. हुकूम रेडिओवर येतो, काही तासांसाठी असतो, आणि होड्या जाळी सज्ज करून त्याची वाट बघत थांबलेल्या असतात. आधी नदीचा वाटा, उरला तो माणसाचा. होडीची लांबी ३२ फुटांहून जास्त नको, वाहत्या जाळ्याची लांबी १५० फॅदम, म्हणजे सुमारे पावणेतीनशे मीटर, आणि असे परवाने मोजून सुमारे १,८६०. परवान्यांची संख्या बांधून टाकायची तर राज्यघटना दुरुस्त करावी लागत होती. ती १९७२ मध्ये केली आणि पुढच्या वर्षी कायदा आला. हंगाम जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. खरी धांदल जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा दुसऱ्याच एका गोष्टीत आहे. ब्रिस्टल बेचा सॉकाय हा एक मासा नाही. वरवर एक दिसणारा हा लोंढा म्हणजे शेकडो वेगवेगळ्या कुळांची गर्दी आहे. इलियाम्नातल्या बेटांच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे नर उंच पाठीचे, भरदार. उथळ ओढ्यांत जाणारे सडपातळ, कारण तिथे पाठ पाण्याबाहेर दिसली की अस्वल टपलेलेच. कोणी जुलैत अंडी घालते, कोणी सप्टेंबरात. कोणाची पिल्ले तळ्यात एक वर्ष राहतात, कोणाची दोन. एखादे वर्ष ओढ्यांना वाईट गेले तर तळ्यातली कुळे तोलून धरतात; क्विचाक बसली तर एगेगिक उठते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॅनियल शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पन्नास वर्षांच्या नोंदींवरून याचा हिशेब मांडला. हे सगळे एकाच कुळाचे मासे असते तर वर्षागणिक चढउतार दुपटीहून जास्त झाले असते, आणि मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याची पाळी आतापेक्षा दहापट वेळा आली असती.

कोकणात एकाच शेतात भाताची हळवी, निमगरवी आणि गरवी वाणे लावणारा शेतकरी हेच करतो. एका वाणाला पाऊस चुकला तर दुसरे हाती लागते.

मग २०२२ लाच एवढा लोंढा का? तापलेली तळी हे एक कारण. बर्फ लवकर वितळू लागले, तळ्यातली सूक्ष्म प्राणिसृष्टी वाढली, पिल्ले भराभर मोठी होऊन एका वर्षातच समुद्राकडे निघू लागली. बेरिंग समुद्राच्या त्या भागातही त्यांना चारा मिळाला. ज्या उबेने युकॉनचे मासे मारले तिनेच ब्रिस्टल बेचे वाढवले, असे आज तरी दिसते. २०१६ ते २०१९ या वर्षांत बेरिंग समुद्र असाधारण तापला. त्या काळात उत्तर भागातली चमची पिल्ले नेहमीचे स्निग्ध भक्ष्य सोडून जेलीफिशसारख्या निकस अन्नावर राहिली, आणि अंगात पुरेशी चरबी न साठवताच हिवाळ्याला सामोरी गेली, असे अमेरिकी शास्त्रज्ञांना आढळले. त्याच तापलेल्या पाण्यात बर्फखेकडे अब्जांनी मेले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांची मासेमारी बंद झाली. चिनूकचे दुखणे त्याहून जुने. १९८० आणि १९९० च्या दशकांत कॅनडाच्या हद्दीत जन्मलेले दीड लाखाच्या आसपास चिनूक युकॉनला परतत असत. २०२२ मध्ये सीमेवरच्या सोनारने मोजले अवघे बारा हजार.

युकॉनच्या लोकांचे एक गाऱ्हाणे आहे आणि ते मला खरे वाटते. बेरिंग समुद्रात पोलॉक नावाचा मासा धरणाऱ्या मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत चमही अडकतो. २०२१ मध्ये अशा अडकलेल्या चमची संख्या पाच लाखांवर गेली. जनुकीय तपासणीत त्यांतले बहुतेक आशियाई नद्यांतले आणि हॅचऱ्यांतले निघाले, पश्चिम अलास्काच्या नद्यांचे दहातला एकसुद्धा नाही. कंपन्या हाच आकडा पुढे करतात. पण घरच्या चुलीसाठी एकही मासा धरायचा नाही असा हुकूम ज्याला आहे, त्याने पन्नास हजारांच्या आसपासचा हा ‘किरकोळ’ वाटा पोटात कसा घालावा?

आशियाई हॅचऱ्यांचा विषय निघाला, तर आता पश्चिमेला जायला हवे.

जपानची कथा ब्रिस्टल बेच्या नेमकी उलट आहे. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या चितोसे इथे १८८८ मध्ये सॅल्मनची हॅचरी उभी राहिली. युद्धानंतर, आणि विशेषतः खुल्या समुद्रातली दारे बंद होऊ लागल्यावर, जपानने सगळी मदार चमच्या हॅचऱ्यांवर ठेवली. नदीत चढणारा मासा अडवायचा, अंडी काढायची, पिल्ले वाढवून वसंतात समुद्रात सोडायची. दरवर्षी पावणेदोन-दोन अब्ज पिल्ले. आणि हे जमले! १९९० च्या दशकात चमची पकड दोन लाख टनांच्या वर गेली. होन्शू या मुख्य बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एकट्या इवाते प्रांताची पकड सत्तर हजार टनांच्या घरात होती. जगभरचे मत्स्यतज्ज्ञ तेव्हा जपानकडे बोट दाखवून ‘असे करावे’ म्हणत, आणि त्या वेळच्या आकड्यांकडे पाहता त्यात काही चूक नव्हते.

आज इवातेची पकड काही शे टनांवर आली आहे. अख्ख्या जपानची गेल्या काही वर्षांत बरेचदा साठ हजार टनांच्या आसपास किंवा त्याखाली राहिली. २०११ च्या त्सुनामीने ईशान्य किनाऱ्यावरच्या हॅचऱ्या वाहून नेल्या हे खरे, पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती आणि हॅचऱ्या पुन्हा बांधल्यावरही थांबली नाही. पिल्लांना किनाऱ्यालगत थंड पाण्याचे काही आठवडे लागतात. त्यात अंग धरून ती ओखोत्स्क समुद्राकडे निघतात. किनाऱ्याचे पाणी लवकर तापू लागल्याने हे आठवडे कमी झाले. २०२१ च्या शरदात होक्काइदोच्या पूर्व किनाऱ्यावर विषारी सूक्ष्म शेवाळ माजून लाल पाण्याची साथ आली आणि परतीच्या वाटेवरचे सॅल्मन मेले. आता तिथल्या किनाऱ्यावर रोवलेल्या जाळ्यांत सॅल्मनऐवजी बुरी हा उबदार पाण्यातला मासा सापडतो, वर्षाला दहा हजार टनांवर.

पाणी तापले हा जपानचा दोष नाही. होक्काइदो मुळातच चमच्या टापूच्या दक्षिण टोकाला आहे, ऊब वाढली की पहिला फटका तिथेच बसणार. पण शतकभर ठरावीक नद्यांची अंडी, ठरावीक आठवड्यांत सोडलेली पिल्ले असे चालले, तेव्हा ज्या कुळांनी कदाचित वेगळ्या वेळी निघून तग धरला असता ती कुळेच मागे पडली. नदीवर अंडी काढणीचा बांध घातला की वरच्या ओढ्यांतली कुळे नाहीशी होतात, आणि ती गेल्याचे पकडीच्या आकड्यात वीस-तीस वर्षे दिसत नाही. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. १९९६ च्या जपानी आलेखात काहीही चुकीचे दिसत नव्हते.

अलास्काही याबाबत सोवळा नाही. १९७० च्या दशकातल्या तुटवड्यानंतर तिथेही हॅचऱ्या निघाल्या. ब्रिस्टल बेत नव्हे, तर प्रिन्स विल्यम साउंड आणि आग्नेय किनाऱ्यावर, प्रामुख्याने पिंक आणि चमच्या. राज्याच्या २०१३ च्या विक्रमी पकडीत, २७ कोटींहून अधिक माशांत, सुमारे २२ कोटी पिंक होते, आणि त्यांतला मोठा वाटा हॅचऱ्यांचा. आज प्रशांताभोवतीचे देश मिळून वर्षाला सुमारे पाच अब्ज पिल्ले समुद्रात सोडतात. चरायला कुरण मात्र एकच. पिंकची संख्या विषम वर्षांत जास्त, सम वर्षांत कमी अशी झुलते. तोच झोका उलट्या दिशेने इतरांच्या अंगावर उमटतो: विषम वर्षांत सॉकायची समुद्रातली वाढ मंदावते. ब्रिस्टल बेचाही अपवाद नाही. १९५७ ते २०१८ या काळातल्या सव्वा कोटी अलास्की माशांच्या मोजमापांतून दिसले की चिनूक सरासरी आठ टक्क्यांनी लहान झाला आहे, सॉकाय दोन टक्क्यांनी. नगांचा विक्रम झाला तरी नग मात्र बारीक होत चालला आहे.

रशियाचा आलेख दातेरी करवतीसारखा आहे, आणि त्याचे कारणही पिंकच. २०१८ मध्ये ६ लाख ७६ हजार टन, त्यांच्या इतिहासातला विक्रम. त्या वर्षी साऱ्या उत्तर प्रशांताची पकड दहा लाख टनांवर गेली. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, ही एकूण पकड सहा लाखांच्या आसपास उतरली. पुढे २०२३ ला रशियाने पुन्हा सहा लाख नऊ हजार टन गाठले आणि २०२४ मध्ये तोच आकडा २ लाख ३५ हजारांच्या आसपास कोसळला. शिवाय देशाच्या आतही तोल सरकला आहे: पूर्वी दक्षिणेकडच्या सखालिन बेटाचा वाटा मोठा असे, आता देशाच्या पकडीचा भार उत्तरेकडचा कामचात्का ओढतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकण्याचा तोच कल. २०१६ पासून आपल्या हद्दीत मोठ्या वाहत्या जाळ्यांवर रशियाने बंदी घातली, ही त्यांची चांगली गोष्ट. जपानी होड्यांनाही त्यामुळे तिथून बाहेर पडावे लागले.

कॅनडाबद्दल थोडक्यात. ब्रिटिश कोलंबियाची पकड १९८५ मध्ये एक लाख टनांवर होती. अलीकडच्या वाईट वर्षांत ती दहा हजारांच्याही खाली गेली. फ्रेझर नदीत २००९ मध्ये एक कोटींहून अधिक सॉकाय येतील असा अंदाज होता, आले सुमारे पंधरा लाख. न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा आयोग बसला. आयोगाचे काम सुरू असतानाच २०१० मध्ये तीन कोटींच्या जवळपास मासे आले आणि सगळेच चक्रावले. २०१२ च्या अहवालात ७५ शिफारशी होत्या, पण एकच एक गुन्हेगार सापडला नव्हता. २०२० मध्ये तीन लाखांहूनही कमी मासे आले, १८९३ पासूनच्या नोंदींतला नीचांक. २०२१ मध्ये सरकारने त्या किनाऱ्यावरच्या साठेक टक्के व्यापारी मासेमाऱ्या बंद केल्या. फ्रेझरच्या खोऱ्यात शहरे आहेत, रेल्वे आहे, दरडी आहेत, तापलेले पाणी आहे. १९१३-१४ मध्ये रेल्वेच्या कामातून हेल्स गेटपाशी कोसळलेल्या दगडांनी नदी अडली, आणि माशांसाठी नीट वाट बांधायला तीस वर्षे लागली. त्या एका दरडीचा घाव शंभर वर्षांनंतरही भरलेला नाही.

ब्रिस्टल बेकडे परत येतो, कारण विक्रमाच्या पुढच्या वर्षी तिथे जे घडले ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही.

२०२२ मध्ये मच्छीमाराला पौंडाला १ डॉलर १५ सेंट हा मूळ भाव मिळाला. त्या पकडीचा मोठा भाग विकलाच गेला नाही. शीतगृहे भरलेली राहिली. महागाईने गिऱ्हाईक हात आखडून होते, येन घसरल्याने जपानी खरेदीदाराला अलास्काचा मासा महाग पडत होता, आणि रशियन मासा स्वस्तात बाजारात आला होता. वर नॉर्वे आणि चिलीचा पिंजऱ्यातला सॅल्मन बाराही महिने ताजा हजर. २०२३ च्या जुलैत, ऐन हंगामात, भाव जाहीर झाला: पन्नास सेंट. नाकनेक नदीत मच्छीमारांनी होड्या रांगेने फिरवून निषेध केला. १९८८ मध्ये हाच मासा दोन डॉलरच्या वर गेला होता, आणि त्यानंतर डिझेल, जाळी, विमा, सगळे किती वाढले ते सांगायला नको. राज्याचा हिशेब पाहा: २०२२ मध्ये साऱ्या सॅल्मनचे मच्छीमारांना ७२ कोटी डॉलर मिळाले, २०२३ मध्ये नग तेवीस कोटींपर्यंत वाढले आणि पैसे चाळीस कोटींवर उतरले, २०२४ मध्ये नग दहा कोटींवर आणि पैसे तीस कोटींवर.

म्हणून कोणत्याही देशाचा टनांतला आकडा एकटा समोर आला की मी त्याला तीन प्रश्न विचारतो. यांतले नदीत जन्मलेले किती? ते किती वेगवेगळ्या ओढ्यांतून आले? आणि धरणाऱ्याच्या हाती काय पडले? २०२२ चा ब्रिस्टल बे पहिल्या दोन प्रश्नांना उत्तम उत्तर देतो, तिसऱ्याला पुढच्याच वर्षी अडखळतो.

नद्या मात्र तूर्त सुरक्षित आहेत. क्विचाक आणि नुशागाकच्या उगमांजवळ तांबे आणि सोन्याचा प्रचंड साठा आहे, आणि तिथे पेबल नावाची खाण काढायची तयारी वीस वर्षे चालली होती. ३० जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखाली तिथल्या पाणथळीत खाणीची माती टाकायला मनाई केली. त्याविरुद्ध खटले दाखल झाले.

आणि युकॉन. १ एप्रिल २०२४ रोजी अलास्का आणि कॅनडा यांनी ठरवले की युकॉनचा चिनूक सात वर्षे धरायचा नाही. सात वर्षे म्हणजे त्या माशाचे एक आयुष्य, अंड्यापासून परतीपर्यंत. सीमेपलीकडे ७१,००० चिनूक पोहोचावेत हे लक्ष्य आहे. तोवर नदीकाठच्या शिबिरांत मासा कापायला शिकायच्या वयाची मुले माशाविना मोठी होत राहतील. काही गावांतल्या आज्या त्यांना दुसऱ्या नदीतून आलेल्या सॉकायवर सुरी चालवायला शिकवत आहेत, हात बसून राहावा म्हणून.